शेपूट येईपर्यंत

"हे तुम्हीच सांगायचं, शैलजाताई," डॉक्टर उपाध्ये म्हणाले, आणि मी "बरं" म्हणाले.

सकाळचे सव्वासहा वाजले होते. विश्रामबागच्या चौकात आमच्या सायकल मंडळाची बावीस-तेवीस माणसं हात चोळत उभी होती. जानेवारीचा शेवटचा रविवार, हुरड्याची सहल. दरवर्षी आम्ही सांगलीहून तासगावच्या बाजूला चौतीस किलोमीटर सायकली मारत पिंपरखडीला शितोळे अण्णांच्या मळ्यात जायचो, हुरडा खायचो, दुपारी परत यायचो. कुणाची शर्यत नाही, काही नाही. गप्पा मारत जायचं नि पोटभर खाऊन यायचं.

"परत येताना सांगा," डॉक्टर म्हणाले. ते दातांचे डॉक्टर आणि मंडळाचे अध्यक्ष. कुणाला दुखेल असं काही करायचं झालं की आधी आवाज मऊ करायची त्यांना सवय होती. "जेवण झाल्यावर, निवांत. सर तुमचं ऐकतात."

सर म्हणजे मगदूम सर. वय बहात्तर. मंडळातले सगळ्यात वयस्कर आणि मंडळ काढणाऱ्या तिघांपैकी एक. गुरुवारच्या बैठकीत ठरलं होतं की सरांना आता सहलींना आणायचं नाही. गेल्या महिन्यात ते सगळ्यांच्या मधून कधी निसटले कळलं नाही आणि तीन तासांनी पार कवठेमहांकाळच्या रस्त्यावर एका दूध डेअरीत सापडले. डेअरीवाल्याला ते पॉलिटेक्निकचा रस्ता विचारत होते. पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. मगदूम काकूंनीही डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं, "त्यांची सायकल सोडवा. मी सांगून ऐकत नाहीत."

आता हे कुणी सांगायचं? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्यानं. ऑफिसात परीक्षेचं काम, घरात सासूबाईंचं, आणि मंडळात हे. एकदा माणूस मऊ आहे म्हटलं की सगळे कोपरानं खणतात.

मी तेव्हा सेहेचाळीसची होते. एका इंजिनिअरिंग कॉलेजात क्लार्क. सासूबाई सोळा महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. नवरा जयसिंगपूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्या दिवशी मी चारला उठून सासूबाईंचं सगळं आवरून, त्यांच्याजवळ नणंदेला बसवून आले होते. मला दमल्यासारखं वाटत नव्हतं, कारण दमलं नसताना कसं वाटतं हेच मी विसरले होते. महिन्यातला हा एक रविवार तेवढा माझा. त्यातही मी सगळ्यांच्या मागं असायची, कारण माझा वेगच तेवढा. म्हणून मला मंडळात कायमचं शेपूट केलेलं.

शेपूट हा आमचा शब्द. पुढचा माणूस मुंडकं, शेवटचा शेपूट. आणि या दोघांच्या मधला नियम सरांनी घालून दिलेला. जिथं रस्ता वळतो किंवा फुटतो, तिथं मुंडक्याच्या लगेच मागं असलेल्या माणसानं थांबायचं. मागून येणाऱ्या सगळ्यांना कुठं वळायचं ते हातानं दाखवायचं. शेपूट आलं की ते ओरडणार, "मी शेवटची!" मग वळणावरच्यानं हात वर करायचा आणि निघायचं. शेपूट दिसल्याशिवाय वळण सोडायचं नाही, जगबुडी आली तरी. सरांनी पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं सर्व्हे शिकवला. मोजणीची काठी धरून उभा असलेला माणूस दुर्बिणीवाल्याची खूण आल्याशिवाय हलत नाही, नाहीतर पुढची सगळी मोजणी चुकते, तिथून त्यांनी हे आणलं होतं.

"जयजिनेंद्र!" सर आलेच. पांढरे कॅनव्हासचे बूट, पँटला खाली क्लिपा, बिनगिअरची काळी सायकल. "काय गं शैला, डोळे सुजलेत तुझे. झोपली नाहीस काय?"

"झोपले की सर."

"सासूबाई कशा आहेत?"

"तशाच."

मग त्यांनी माझ्या चाकांची हवा दाबून बघितली, सीटचा बोल्ट हलवून बघितला आणि म्हणाले, "सासूबाई कशा आहेत?"

"तशाच आहेत, सर," मी परत सांगितलं. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

पहिले दहा-बारा किलोमीटर सर माझ्याबरोबर मागंच राहिले. त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता, तरी. दोन्ही बाजूला द्राक्षाच्या बागा, मधूनच ऊस, रस्त्यावर रिकाम्या क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्यांची ये-जा. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला होता. माझ्या पुढं मंडळात पहिल्यांदाच आलेल्या रूपाली बेडगे मुलाची गिअरची सायकल घेऊन कष्टानं चालल्या होत्या. गणपती पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. मुलानं महागाची सायकल घेऊन आठ दिवसांत टाकून दिली म्हणून त्या ती वसूल करायला निघाल्या होत्या.

"शैला, एक सांगू का," सर म्हणाले. "माझं अलीकडं जरा हे झालंय. कळतं मला. घरात गेलं की सगळं सांडतं. चष्मा कुठाय, किल्ली कुठाय, काल कोण येऊन गेलं. आणि ही सारखी मागं. हे करू नका, ते करू नका, तिथं हात लावू नका. पण सायकलवर बसलं की डोकं जाग्यावर येतं बघ. इथं तेवढं माझं मी असतो."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. निवांत होतं, कुणी ऐकायला नव्हतं. मी म्हणाले, "पाणी पिताय ना मधे मधे?"

"पितो की." ते हसले. "जातो पुढं. त्या डॉक्टरला वळणं कळत नाहीत." आणि उभ्यानं पायडल मारत पुढं गेले. बहात्तरीचा माणूस! पाठीमागून बघितलं तर पंचवीसचा वाटावा.

नऊच्या सुमारास रूपालीताईंच्या सायकलीतून करकर आवाज आला आणि त्या रस्त्यातच आडव्या झाल्या. लागलं नव्हतं फारसं. पण मागच्या गिअरचा सांगाडा वाकून चाकाच्या तारांत अडकला होता. चाक हलेना. पिंपरखडीचा फाटा अजून पाच किलोमीटर लांब होता.

"आता हो?" त्या म्हणाल्या. "पोरगं जीव घेईल माझा."

मागून एक पांढरी पिकअप आली. मी हात केला. ड्रायव्हरचं नाव दादू माने, चाळिशीचा, गळ्यात मफलर. योग असा की तो शितोळे अण्णांच्याच मळ्यात द्राक्षं भरायला चालला होता.

"टाका की ओ सायकली. मळ्यातच सोडतो तुमास्नी."

रूपालीताई मुलाच्या सायकलीला धरून मागं क्रेटांच्या मधे बसल्या, कारण तिला आणखी खरचटलं असतं तर त्यांची धडगत नव्हती. इकडं पहिल्यांदाच आलेल्या त्या, फाटा कुठला हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुढं बसले. दादूला म्हणाले, "फाट्यावर जरा थांबवा हं. तिथं आमचा माणूस उभा असेल. त्याला सांगायला पाहिजे."

"बरं," दादू म्हणाला.

शेपटानं रस्ता सोडला तर लगेच मुंडक्याला फोन करायचा, हाही नियमच. मी फोन हातात घेतला. नंबर काढला. इंजिनाची ऊब पायांना लागत होती, काचेतून ऊन मांडीवर पडलं होतं, आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी हाक मारणार नव्हतं. करते, करते म्हणता म्हणता डोळा लागला.

"ताई, आलो," असं दादू म्हणाला तेव्हा गाडी मळ्यात उभी होती.

मंडळी आगटीभोवती बसली होती. कणसं भाजण्याचा वास, गूळ, दही, लसणाची चटणी. सरांना लसूण चालत नाही म्हणून शितोळे वहिनींनी त्यांची शेंगदाण्याची चटणी वेगळी झाकून ठेवली होती. "शेपूट आज गाडीत बसून आलं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही हसले. फाट्याचं डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. पण मी दादूला थांबायला सांगितलं होतं, तेव्हा तो थांबला असणार, फाट्यावर जो कोण असेल त्याला त्यानं सांगितलं असणार, असं मी धरून चालले. विचारायला उठायचा कंटाळा आला. चटईवर आडवी झाले आणि कुणीतरी हातावर गरम हुरडा ठेवला तो तसाच मुठीत धरून परत झोपले.

अकराच्या सुमारास डॉक्टरांनी फोटोसाठी माणसं मोजली.

"मगदूम सर कुठायत?"

कुणालाच माहीत नव्हतं. दोघं-तिघं विहिरीकडं, बागेत बघून आले. फोन सर सायकलवर कधी घेत नसत.

"मीच त्यांना फाट्यावर उभं केलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "शैलजाताई, तुम्ही आलात तेव्हा सर होते ना फाट्यावर?"

वीस माणसं माझ्याकडं बघत होती. मंडळात माझी ओळख एकच, शैलजाताईंवर सोपवलं की काळजी नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मला झोप लागली होती, दादूला विचारून सांगते. चार शब्द.

"होते की," मी म्हणाले. "गाडीतनंच ओरडून सांगितलं त्यांना."

"म्हणजे निघाले आणि परत चुकले." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तरी मी म्हणत होतो."

आणि मग सगळे धावले. फाटा ते मळा सहा किलोमीटर, त्यात तीन-चार रस्ते बागांमधून कुठं कुठं फुटतात. कुणी मळ्यातल्या मोटारसायकली काढल्या, डॉक्टरांच्या मिसेसनी सामान घेऊन कार आणली होती, ती घेऊन डॉक्टर गेले. अण्णा शितोळ्यांनी गावात सांगून आणखी पाच माणसं पाठवली. विहिरींत वाकून बघितलं. कालव्याच्या कडेनं गेले. फाट्यावर जाऊन बघायची मात्र कुणालाच गरज वाटली नाही. तिथून सर निघालेत, असं मीच सांगितलं होतं.

मला मागं ठेवलं होतं, सर आपण होऊन आले तर माणूस असावं म्हणून. बारा वाजून गेले. दादूची गाडी भरत आली होती. मी त्याच्याकडं गेले.

"दादू, सकाळी फाट्यावर आमचे सर होते ना? काळी सायकल?"

"फाट्यावर?" त्यानं दोरीची गाठ आवळली. "आपण फाट्यानं कुठं आलो, ताई? कालव्यानं आलो की. फाट्याकडं मुरूम टाकलाय, क्रेट हादरत्यात. तुमाला म्हटलं, कालव्यानं जाऊ का? तुमी मान हलवली."

मी मान हलवली होती. झोपेत.

सर चुकले नव्हते. कुठं गेलेच नव्हते. त्यांना जिथं उभं केलं होतं तिथंच ते उभे होते, कारण शेपूट आलेलं नव्हतं.

"दादू, मला फाट्यावर ने," मी म्हणाले. "आत्ता."

सहा किलोमीटरला किती वेळ लागतो? त्या मुरमाच्या रस्त्यावर मला तास लागल्यासारखा वाटला. गाडीत मी ठरवत होते काय बोलायचं. सर, माझी चूक झाली. मला झोप लागली. तुम्ही बरोबर होतात. बस, एवढंच. नंतर डॉक्टरांना सांगायचं. आणि ते सायकल सोडायचं मी सांगणार नाही, दुसरं कुणी सांगा म्हणायचं. इतकं स्पष्ट मी कित्येक महिन्यांत काही ठरवलं नव्हतं.

सर फाट्यावरच होते. रस्त्याकडेला लिंबाचं झाड होतं, पण सावली केव्हाच दुसऱ्या बाजूला गेली होती. ते उन्हात, दोन्ही रस्त्यांवरून दिसेल अशा जागी, सायकलीच्या सीटवर एक हात ठेवून उभे. बाटली रिकामी. ओठ सुकून पांढरे पडलेले. पलीकडचा चहाटपरीवाला मला बघून रस्ता ओलांडून आला.

"तुमचंच माणूस काय ओ हे? चार तास झालं उभं हाय. सावलीला बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. म्हणतंय, ड्युटीवर हाय."

"सर," मी हाक मारली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखायला क्षणभर गेला. "शैला? तू गाडीत कशी? सायकल कुठाय तुझी?" आणि मग, कुणी ऐकू नये असं हळू, "शेपूट अजून आलेलं नाही गं. फार उशीर झाला. मागं काही झालंय का? मी जाऊन बघणार होतो, पण जागा कशी सोडायची."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आमच्या गाडीमागोमाग मळ्याच्या बाजूनं डॉक्टरांची कार आली, धूळ उडवत. डॉक्टर, अण्णा शितोळे आणि आणखी एकजण उतरले.

"सर! अहो, कुठं होतात तुम्ही? सगळा मुलूख पालथा घातला आम्ही!"

"इथंच," सर म्हणाले. "शेपूट आलेलं नाही."

डॉक्टरांनी आवाज मऊ केला. दाढ काढायच्या आधी करतात तसा. "सर, शेपूट नऊ-सव्वानऊलाच गेलं. शैलजाताई तुमच्या समोरूनच गेल्या, गाडीतनं. ओरडून सांगितलं तुम्हाला. विचारा त्यांना."

सर माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. विद्यार्थ्यानं उत्तर काय काढलंय ते बघायला मास्तर वही मागतात, तसं ते बघत होते.

"सांगितलंस काय, शैला?"

दादू इंजिन चालू ठेवून बसला होता. अण्णा रुमालानं मान पुसत होते. मला तेव्हा काय वाटलं ते मी खरं तेच सांगते. भीती वाटली, लाज वाटली, पण सगळ्यांत जास्त वाटला तो शीण. आता हे सगळं उलगडून सांगायचं, वीस माणसांना पुन्हा पुन्हा सांगायचं, त्यांची तोंडं बघायची. त्यापेक्षा एका शब्दात संपत होतं.

"सांगितलं, सर."

ते रस्त्याकडं बघत राहिले. एक पांढरी पिकअप क्रेट घेऊन गेली. तिच्यामागून आणखी एक. सकाळपासून अशा पन्नास तरी गेल्या असतील.

"पांढरी गाडी," ते सावकाश म्हणाले. "हो. क्रेट होते. तू हात केलास... मीही केला बहुतेक." त्यांनी कपाळ चोळलं. "आणि तरी उभाच राहिलो."

"होतं असं, सर," डॉक्टर म्हणाले.

"नाही होत. वाट चुकणं वेगळं, डॉक्टर. वाट कुणीही चुकतं. मी त्याला भ्यायलो नव्हतो." सरांनी पँटच्या क्लिपा काढल्या आणि खिशात घातल्या. "पण खूण होऊनसुद्धा ज्याला दिसली नाही, त्याच्या हातात काठी द्यायची नाही. मीच शिकवलंय हे एकतीस वर्षं. सायकल तुमच्या गाडीवर बांधा. मी आता येत नाही."

"आज तुम्ही कारमधूनच चला," डॉक्टर म्हणाले.

"आजचं म्हणत नाही मी."

सायकल बांधताना डॉक्टरांनी माझ्याकडं बघून किंचित मान हलवली. आभार मानल्यासारखी. मला सांगायचं होतं ते न सांगता झालं होतं. आणि मला हलकं वाटलं. ते मी लपवणार नाही. सर कारच्या मागच्या सीटवर मांडीत हात ठेवून बसले होते आणि मला हलकं वाटत होतं.

कार गेल्यावर दादू म्हणाला, "ताई, मी कालव्यानं आलो हे कुणाला बोलायचं का न्हाई?"

"नको."

त्यानं गिअर टाकला. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला.

आठवड्यानं मगदूम काकूंचा फोन आला. "तुझे उपकार झाले गं बाई. तू सांगितलंस म्हणून ऐकलं त्यांनी. भाच्याला देऊन टाकली सायकल." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण आता दुसरंच सुरू झालंय. आधी नुसतं विसरायचे. आता जे आठवतंय त्याचीही खात्री नाही म्हणतात. मी जेवलो का? मी दार लावलं का? लावलेलं असतं, दिसत असतं, तरी विचारतात. कालपर्यंत स्वतःवर एवढा विश्वास होता या माणसाचा."

मी "हं" म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाई गेल्या. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी दोन दिवस झोपले. नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगातला शीण उतरला होता आणि खाली ते फाट्यावरचं तसंच होतं. इतके दिवस दमण्याखाली दबून गेलं होतं एवढंच. दमलेलं असताना माणूस काय करतो याची जबाबदारी दमण्यावर टाकता येते, असं मला वाटत होतं. दमणं गेलं आणि जबाबदारी टाकायला दुसरं कुणी उरलं नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सरांना जाऊनही सात झाली. शेवटी शेवटी ते कुणालाच ओळखत नव्हते, त्यामुळं तेव्हा कुणी काही सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. पण मार्चच्या त्या दुपारी ते मला चांगले ओळखत होते. मी विजयनगरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते.

"ये, शैला. सासूबाईंचं कळलं. सुटल्या."

"सर, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले. बसायच्या आधीच म्हणाले, नाहीतर राहून गेलं असतं. "त्या दिवशी फाट्यावर तुम्ही चुकला नव्हता. मी आलेच नव्हते. आमची गाडी कालव्यानं आली. मला झोप लागली होती. मी तुम्हाला काही सांगितलं नाही, हात केला नाही. तुम्ही खूण झाली नाही म्हणून उभे राहिलात. बरोबर तेच केलंत. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, सर."

मगदूम काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको, अशी. रागानं नव्हे. जी सायकल एकदाची घराबाहेर गेली ती परत यायला नको होती त्यांना. मी त्यांना दोष देत नाही.

सरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, किती जीव लावशील," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून एवढं रचून आणलंस?"

"रचलेलं नाही, सर. दादू माने म्हणून ड्रायव्हर होता, त्याला विचारा..."

"मला आठवतंय ना. बाकी काही आठवो न आठवो, हे अगदी स्वच्छ आठवतं. पांढरी गाडी. तू खिडकीतनं हात बाहेर काढलास आणि ओरडलीस, मी शेवटची. मी तुझ्याकडं बघत होतो." ते हसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना एका गोष्टीची खात्री होती, आणि ती ही होती. "खोटं बोलणं तुला जमायचं नाही, शैला. चहा घे."

मी चहा घेतला.